फ्रीलान्सर म्हणून जर्मनीला जायचंय? मग फाइल अशी लावा

जर्मनीचा ‘डिजिटल नोमॅड व्हिसा’, म्हणजे लॅपटॉप घेऊन कुठूनही काम करणाऱ्यांचा, असा काही प्रकार नाही. आमच्या बडोद्यात अलकापुरीपासून सयाजीगंजपर्यंत कुणा एजंटाने काचेवर काहीही चिकटवलेलं असो. आहे ते त्यांच्या निवास कायद्याचं कलम २१ आणि त्यातलं पोटकलम ५. ज्याचा पेशा ‘मुक्त व्यवसाय’ या सदरात बसतो, त्याला कुणाची नोकरी न धरता तिथं राहून कमवायची परवानगी या पोटकलमाखाली मिळते. पुढचं सगळं त्या एका वाटेबद्दल.

मी वकील नाही, एजंट तर नाहीच. १९०८ साली सयाजीराव महाराजांनी काढलेल्या बँकेत अख्खी नोकरी केली, त्यातली शेवटची बरीच वर्षं कर्ज विभागात. भाची इथल्या फाइन आर्ट्सची, पुष्पबागेतून शिकून बाहेर पडलेली. मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते आणि आता लाइपझिगला राहते. तिची फाइल दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर तयार झाली. तेव्हापासून गल्लीतली, ओळखीतली, ओळखीच्या ओळखीतली मुलं येतात. “काका, आ फाइल जरा जोई आलो ने.” बघून देतो. आणि प्रत्येकाला पहिल्यांदा एकच सांगतो: हा कर्जाचा प्रस्ताव आहे असं समजून लिही.

कर्ज देणारा अधिकारी तुमची कला बघत नाही. पैसा कुठून येणार, केव्हा येणार आणि नाही आला तर काय, हे बघतो. जर्मन अधिकाऱ्याचंही तसंच. हा माणूस उद्या आमच्या सरकारी मदतीवर येऊन पडणार नाही ना, आणि याचं काम आमच्याकडे कुणाला हवंय का, या दोन प्रश्नांची उत्तरं त्याला कागदावर सापडली पाहिजेत. मुलं येतात ती जाडजूड पोर्टफोलिओ घेऊन, आणि आकड्यांचा कागद विचारला की गप्प बसतात.

गिऱ्हाईक कुठं बसलंय?

मांजलपूरचा एक मुलगा आला होता. अमेरिकेतल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करारावर करतो, महिन्याच्या महिन्याला डॉलर येतात, आणि राहायचंय बर्लिनला. त्याला विचारलं, जर्मनीत तुझं एक तरी गिऱ्हाईक आहे? नव्हतं. मग कलम २१ ची फाइल लंगडीच राहणार. अशा माणसाने स्पेन किंवा पोर्तुगाल बघावं. स्पेनने २०२२ च्या २८ क्रमांकाच्या कायद्याने बाहेरच्या कंपन्यांचं काम दुरून करणाऱ्यांसाठी वेगळी सोय केली. तिथं फ्रीलान्सरला स्पॅनिश गिऱ्हाइकांकडून कामाच्या जास्तीत जास्त २० टक्के काम घेता येतं, आणि मिळकत त्यांच्या किमान वेतनाच्या दुप्पट दाखवावी लागते. पोर्तुगालची डी-८ ही वाट २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली, तिथं चौपट. या दोन्ही देशांना तुमची कमाई बाहेरून आलेली हवी असते. जर्मनीला तुम्ही त्यांच्या बाजारात काय करणार ते ऐकायचं असतं. म्हणून देश निवडताना तिथली हवा, बिअर आणि भाडं नंतर. आधी गिऱ्हाइकाचा पत्ता.

आणखी एक. इंटरनेटवर ‘बर्लिनला उतरा आणि तिथंच अर्ज करा’ असं सांगणारे लेख भरपूर आहेत, आणि ते खोटंही बोलत नाहीत. पण लिहिणारे बहुतेक अमेरिकन असतात. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण कोरिया, इस्रायल या देशांच्या नागरिकांना व्हिसा न घेता जाऊन तिथं परवाना मागता येतो. भारतीय पासपोर्टला ही सवलत नाही. आपल्याला डी प्रकारचा, म्हणजे लांब मुक्कामाचा, राष्ट्रीय व्हिसा इथूनच घेऊन निघावं लागतं. १८० दिवसांत ९० दिवसांच्या शेंगेन व्हिसावर जाऊन तिथल्या तिथं ‘बदलून घेऊ’ म्हणणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

पेशा की धंदा

जर्मनीच्या आयकर कायद्याच्या कलम १८ मध्ये मुक्त व्यवसायांची यादी आहे. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, पत्रकार, दुभाषे, भाषांतरकार, शिवाय कला, लेखन, शिकवणं आणि शास्त्रीय काम करणारे. यांना तिथं फ्रायबेरूफ्लर म्हणतात. बाकी खरेदी-विक्री, दुकान, ऑनलाइन माल विकणं हे सगळं गेवेर्बे, म्हणजे धंदा. म्युनिकला सेव-उसळचं दुकान काढायचं असेल तर पोटकलम ५ विसरा आणि पोटकलम १ वाचा. तिथं त्या भागाला अशा दुकानाची गरज आहे, त्याचा अर्थव्यवस्थेला उपयोग होईल आणि भांडवलाची सोय झालेली आहे, हे दाखवावं लागतं. ती वेगळी आणि जास्त जड फाइल आहे.

सॉफ्टवेअरवाले कुंपणावर बसलेले असतात. इंजिनिअरच्या तोडीचं काम, म्हणजे प्रणालीची रचना करणं, ती विकसित करणं, असं असेल तर मुक्त व्यवसायात धरलं जातं. तयार वस्तू विकणं किंवा नुसती देखभाल असेल तर अडचण येते. शेवटचा शब्द तिथल्या कर कार्यालयाचा. म्हणून कामाचं वर्णन लिहिताना वेळ द्या. भाची इथं लग्नाच्या कंकोत्र्या, म्हणजे निमंत्रणपत्रिकाही करायची: चित्र तिचं, छपाई दुसरीकडून करून घ्यायची आणि तयार माल नगावर विकायचा. चित्राचं मानधन हा पेशा झाला, छापलेल्या कंकोत्र्या विकणं हा धंदा. फाइलमध्ये आम्ही पुस्तकांची चित्रं आणि चित्राचं मानधन एवढंच पुढच्या कामाचं स्वरूप म्हणून मांडलं. छपाईचा व्याप ती तिथं करणारच नव्हती, मग तो लिहून गोंधळ कशाला?

ज्या पेशाला परवाना लागतो, उदाहरणार्थ डॉक्टरकी, त्याला तिथली व्यवसाय-परवानगी आधी हवी. वय ४५ च्या पुढे असेल तर म्हातारपणाची तरतूद दाखवावी लागते, पेन्शन म्हणा किंवा मालमत्ता. किती दाखवायची तो आकडा दर वर्षी बदलतो, तेव्हा वकिलातीचा त्या वर्षीचा कागद बघा, मित्राच्या फाइलमधला उतरवू नका.

पत्रं: फाइलचा कणा

काम द्यायची इच्छा आहे असं सांगणारी पत्रं जर्मनीतल्या गिऱ्हाइकांकडून आणायची. बर्लिनचं कार्यालय निदान दोन मागतं. इतर शहरांतही दोनच्या खाली जाऊ नये असं माझं मत. करार हातात असेल तर उत्तमच, पण करार नसला तरी असं पत्र चालतं आणि ते कुणाला कायद्याने बांधत नाही. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगा, कारण ‘सही केली म्हणजे आम्ही अडकलो’ या धास्तीने लोक मागे सरतात.

भाचीकडे एका प्रकाशकाचं आलेलं पहिलं पत्र फार गोड होतं. तुमची चित्रं आम्हाला आवडली, भविष्यात एकत्र काम करायला आनंद वाटेल, वगैरे. मी ते बाजूला ठेवलं. असल्या पत्रावर मी कुणाला कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून दिली नसती. तिला म्हटलं, त्यांना परत लिही आणि या गोष्टी मागून घे: तुमच्या संस्थेचं नाव-पत्ता असलेला लेटरहेड, तुम्ही काय छापता याची एक ओळ, हिला कुठलं काम देणार, म्हणजे पुस्तक किती पानांचं, चित्रं साधारण किती, केव्हापासून केव्हापर्यंत, अंदाजे मानधन युरोमध्ये, हे काम हिलाच का, सही, हुद्दा आणि संपर्क. पत्र जर्मनमध्ये असलं तर फारच बरं. ‘हिलाच का’ या ओळीत त्यांनी लिहिलं की भारतीय लोककथांची मालिका काढतोय आणि ही चित्रकार त्या मातीतली आहे, वारली आणि पिठोऱ्याची रेघ हिला परकी नाही. एका वाक्यात तिची गरज सिद्ध झाली. छोटा उदेपूरचे राठवा आदिवासी पिठोरा चित्रं काढतात ते शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, तिथं ती विद्यार्थिदशेत पुष्कळ हिंडलेली. तिने स्वतः हे कधी ताकद म्हणून मोजलं नव्हतं.

पत्र देणारी माणसं शोधायची कुठं? ज्याच्या त्याच्या पेशाप्रमाणे. पुस्तकांच्या चित्रकारांसाठी ऑक्टोबरात फ्रांकफुर्टचा पुस्तक मेळा आणि मार्चमध्ये लाइपझिगचा. इटलीतल्या बोलोन्याचा मेळा खास मुलांच्या पुस्तकांचा, तिथं जर्मन प्रकाशकही येतात. शेंगेन व्हिसावर मेळ्याला जाणं, भेटी घेणं, पोर्टफोलिओ दाखवणं चालतं. तिथं बसून काम करणं चालत नाही. भाची मेळ्याला गेली, पण त्याच्या आधी पुष्कळ महिने ईमेल चालू होते. मेळ्यात नुसतं जाऊन उभं राहिल्याने पत्र मिळत नाही.

सगळी कमाई एकाच गिऱ्हाइकाकडून दाखवू नका. कर्ज विभागात आम्ही असा प्रस्ताव बघितला की पेन्सिलीने कडेला खूण करायचो. जर्मनीत तर त्याला आणखी एक शेपूट आहे: एकाच मालकाचं काम, त्याच्याच वेळेत, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे करत असाल तर ती फ्रीलान्सिंगच्या नावाखालची नोकरी ठरू शकते, आणि त्याचा त्रास तुम्हाला आणि काम देणाऱ्यालाही. भारतातली गिऱ्हाइकं सोडायची गरज नाही. त्यांची कमाई आधाराला दाखवा, मुख्य खांब तिथले असू द्या.

आकड्यांचा कागद

इथं मी रमतो, तेव्हा जरा सहन करा.

दोन तक्ते लागतात. एक, पुढच्या काळातल्या कमाईचा अंदाज. दुसरा, सुरुवातीचा खर्च आणि तो कुठून भागवणार. आपल्याकडे कर्जासाठी सीए जमाखर्चाच्या अंदाजाचे तक्ते बनवतात ना, ज्याला बँकेत सीएमए डेटा म्हणतात, त्याचा धाकटा भाऊ. पण सीएला ‘बनवून टाका’ म्हणून सोडू नका, कारण तो एप्रिल ते मार्च बनवेल आणि लाखांत बनवेल. जर्मनीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. रक्कम युरोत. आणि त्यांच्याकडे हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम असतो: बाराशे युरो म्हणजे १.२००,००. बारा लाखांचा आपला १२,००,००० त्यांच्या डोळ्यांना कळत नाही. बँक स्टेटमेंट रुपयांत असतंच, तेव्हा शेवटची शिल्लक युरोत किती आणि कुठल्या तारखेच्या दराने, हे कव्हरिंग लेटरमध्ये एका ओळीत लिहा.

कमाई महिनावार मांडा आणि सपाट मांडू नका. प्रकाशक मानधन हप्त्यांत देतो: करार झाल्यावर, कच्ची चित्रं दिल्यावर, पक्की दिल्यावर. त्यामुळे पहिले दोन महिने जवळजवळ कोरडे आणि चौथ्यात एकदम रक्कम, असं चित्र खरं दिसतं. बाराही महिने सारखाच आकडा दिसला की वाचणाऱ्याला कळतं, हा माणूस कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता. प्रत्येक आकड्यासमोर कुठल्या पत्रातून तो आला तेही लिहा. ज्या कमाईला पत्र नाही ती वेगळ्या रकान्यात, आणि ती कमीच धरा.

खर्चाच्या बाजूला भाडं लिहिताना बघा की ते ‘वार्म’ आहे की ‘काल्ट’. वार्म म्हणजे हीटिंग वगैरे धरून, काल्ट म्हणजे नुसतं घर. जाहिरातीत काल्ट दिसतं आणि खिशातून वार्म जातं. मग आरोग्य विमा, जेवण, फोन, प्रवास. स्थानिक गाड्यांचा देशभर चालणारा डॉइचलंडटिकेट पास २०२६ पासून महिना ६३ युरोंचा झाला. आणि रेडिओ-टीव्हीची सरकारी वर्गणी, दर घरामागे महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. ही वर्गणी आमच्या तक्त्यात बघून भाची हसली होती. मी म्हटलं, राहू दे. ज्याने एवढं बारीक शोधलं, त्याचे मोठे आकडेही शोधूनच आले असणार, असं वाचणाऱ्याला वाटतं.

शिल्लक किती दाखवायची, हा सगळ्यांचा प्रश्न. फ्रीलान्सरसाठी कायद्यात एक ठरलेला आकडा नाही. अंदाज घ्यायचा तर विद्यार्थ्यांना २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. तो विद्यार्थ्याचा हिशेब, सवलतीचा विमा धरून. तुमचा त्याच्या वरच असायला हवा.

पैसा कुणाचा, हेही दिसलं पाहिजे. अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम आठ लाख आले, की ते कुठून आले हे विचारायला बँकेचा माणूस असावं लागत नाही. घरच्यांनी दिले असतील तर खुशाल सांगा. भेटपत्र करा, देणाऱ्याच्या खात्याचा उतारा जोडा. आई-वडील, भाऊ-बहीण, मामा, काका, आत्या, मावशी हे सगळे आयकराच्या व्याख्येत नातेवाईक, त्यांच्याकडून आलेल्या भेटीवर कर नाही. चुलतभाऊ त्यात येत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

इथले कागद

फ्रीलान्सरांची खरी गोची इथं होते. कर भरताना कमाई खाली, आणि व्हिसा मागताना वर. तीन वर्षांची रिटर्न्स आणि पोर्टफोलिओ एकमेकांच्या शेजारी ठेवल्यावर दोन वेगळी माणसं वाटता कामा नयेत. निघायचं मनात असेल तर दोन वर्षं आधीपासून सगळी बिलं खात्यात घ्या, रोख नको. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा इनवर्ड रेमिटन्सचा दाखला बँकेकडून मागून घ्या. बाहेरची गिऱ्हाइकं तुम्हाला खरोखर पैसे देतात, याला त्याहून चांगला पुरावा नाही.

नावाचा घोळ आपल्याकडे हटकून. गुजरातच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. लग्न झालेलं असेल तर तिसराच प्रकार. महानगर सेवासदनाचा, म्हणजे महापालिकेचा, जन्मदाखला गुजरातीत, आणि त्यात कधी कधी बाळाचं नावच नसतं. पासपोर्ट हा पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. जे जुळत नाही त्यासाठी नोटरीकडून प्रतिज्ञापत्र. इंग्रजी किंवा जर्मन नसलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित भाषांतर लागेल. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि निदान दोन पानं कोरी असावीत.

अपोस्टील (परदेशासाठी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का), अनुवाद, ‘अटेस्टेशन पॅकेज’ असं एकगठ्ठा विकणारे भेटतील. वकिलातीच्या यादीत जे लिहिलंय तेवढंच करा, त्यापलीकडचा शिक्का म्हणजे फक्त पावती.

पदवी असेल तर तुमचं विद्यापीठ ‘अनाबिन’ या जर्मन सरकारी यादीत कसं नोंदवलंय ते बघून त्या पानाची प्रत जोडा. चित्रकारासाठी पदवीपेक्षा छापलेली पुस्तकं बोलतात, पण कागद फुकटचा आहे, जोडायला काय जातं? जर्मन भाषेची परीक्षा या पोटकलमासाठी सक्तीची नाही. तरी भाचीने मॅक्सम्युलर भवनची परीक्षा दिली होती, आणि तुम्हीही द्यावी. तिथं गेल्यावर सगळी सरकारी पत्रं जर्मनमध्येच येतात.

विमा

प्रवास विमा घेऊन काम भागेल असं समजू नका. पोचल्या दिवसापासूनचं पुरेसं आरोग्य संरक्षण हवं, आणि परदेशी लोकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पॉलिसी पुढे परवान्याच्या वेळी नाकारल्या जाऊ शकतात. भारतातून थेट गेलेल्या फ्रीलान्सरला तिथल्या सरकारी पद्धतीच्या विम्यात शिरणं अवघड, खाजगी विमा घ्यावा लागतो आणि तो वयाबरोबर महागतो.

कलाकार आणि लेखकांना मात्र एक दार आहे, क्युन्स्टलरसोत्सियालकासे. १९८१ च्या कायद्याने आलेली आणि १९८३ पासून चालू असलेली ही सोय, कचेरी विल्हेल्म्सहाफेन गावात. कलाकाराने आरोग्य विमा आणि पेन्शनचा निम्मा हप्ता भरायचा. उरलेल्या निम्म्यातला मोठा वाटा कलाकारांकडून काम करून घेणाऱ्या कंपन्या भरतात आणि बाकीचा सरकार. यात शिरल्यावर सरकारी विम्याचं दार उघडतं. कलेतून वर्षाला ३,९०० युरोंच्या वर कमाई हवी, पण पेशातल्या पहिल्या तीन वर्षांत या अटीतून सूट असते. अर्ज तिथं पोचल्यावर करायचा आणि उत्तराला वेळ लागतो, म्हणून मधल्या काळाचा खाजगी विमा घेऊनच निघा. चित्रकार, संगीतकार, नर्तक, लेखक, भाषांतरकार, कुणीही असाल तर हे नाव लिहून ठेवा. बडोद्यातल्या एकाही एजंटाच्या तोंडून मी ते ऐकलं नाही.

अर्ज

२०२५ च्या जानेवारीपासून जर्मनीच्या राष्ट्रीय व्हिसाचे अर्ज कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरता येतात. कागद चढवायचे, ते तिथं आधी तपासले जातात, काही राहिलं असेल तर कळवतात, आणि मग बोटांचे ठसे व मूळ कागदांसाठी अपॉइंटमेंट. ही आधीची तपासणी फार उपयोगाची आहे. ‘अमुक कागद पुन्हा चढवा’ असा निरोप आला की घाबरू नका, तो नकार नव्हे. गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्ही मुंबईच्या जर्मन वकिलातीखाली येतात, म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या मंडळींनाही हेच लागू. फी ७५ युरो, रुपयांत, शिवाय अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं सेवाशुल्क. अपॉइंटमेंट मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला नमस्कार करावा.

भाचीची तारीख मुंबईची होती. रात्रीच्या गाडीने गेली, सकाळी दादरला मावशीकडे आंघोळ करून निघाली. तिथल्या खिडकीवरचा माणूस निर्णय घेत नाही, कागद मोजतो. म्हणून मूळ प्रती आणि झेरॉक्स पोर्टलच्या यादीच्याच क्रमाने लावा, प्लॅस्टिकच्या पाकिटांत कोंबू नका.

फाइल मग तुम्ही जिथं राहणार त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे जाते, आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात त्याला. खरा विचार तिथं होतो. त्यामुळे पत्ता महत्त्वाचा: तिथल्या खोलीचा करार, किंवा ज्याच्याकडे राहणार त्याचं पत्र. पत्र देणारा प्रकाशक लाइपझिगचा आणि राहायचा पत्ता हाम्बुर्गचा असेल तर का, ते कव्हरिंग लेटरमध्ये लिहा. उत्तराला काही महिने लागतात. तेवढ्यात तिकीट काढू नका, इथलं भाड्याचं घर सोडू नका.

नकार आला तर? पूर्वी वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून तो मार्ग बंद झाला. आता एक तर महिन्याभरात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, नाही तर नवी फाइल, नवी फी. दावा खर्चिक, बहुतेकांसाठी नवी फाइलच बरी, पण नकाराच्या पत्रातलं कारण भरून काढल्याशिवाय नाही.

पोचल्यावर

घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो. तो देणार का, हे खोली ठरवतानाच विचारा; न देणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. त्यानंतर काम सुरू केल्यापासून महिन्याच्या आत कर कार्यालयाचा फॉर्म एल्स्टर या पोर्टलवर. त्यातून कर क्रमांक मिळतो, आणि तो बिलावर लिहावा लागतो. कमाई लहान असेल तर छोट्या व्यावसायिकाची सवलत निवडता येते. २०२५ पासून मर्यादा अशी की मागच्या वर्षी २५,००० युरो आणि चालू वर्षात १,००,००० युरो ओलांडले नाहीत तर बिलावर व्हॅट लावायचा नाही.

व्हिसा ठरावीक महिन्यांचा असतो. तो संपायच्या आत निवास परवान्याचा अर्ज स्थानिक कार्यालयात. अर्ज वेळेत गेला असेल तर निर्णय लांबला तरी आधीचा हक्क चालू राहतो, तसा तात्पुरता दाखला मिळतो. पुढच्या वेळी तुमचा अंदाज आणि प्रत्यक्ष कमाई शेजारी-शेजारी ठेवून बघतील, तेव्हा पहिल्या बिलापासून सगळं जपून ठेवा. अंदाज चुकला म्हणून परवाना जातोच असं नाही, पण का चुकला ते सांगता आलं पाहिजे.

निघण्याआधी बँकेत

पैसे नेताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेत आर्थिक वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. २०२५ च्या एप्रिलपासून १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पाठवतानाच कापला जाणारा कर, नाही, त्यावरच्या रकमेवर अशा खर्चासाठी २० टक्के कापतात. तो कर बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो. पण तोवर हातचे पैसे अडकतात. म्हणून मोठी रक्कम मार्च आणि एप्रिल अशी दोन वर्षांत विभागून पाठवली तर सोपं जातं.

कामासाठी कायमचं बाहेर गेल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं, आणि हे तुम्ही बँकेला कळवायचं असतं, बँक विचारायला येत नाही. बाहेरची कमाई इथं आणायची असेल तर वेगळं एनआरई खातं. मोबाइल नंबर चालू ठेवा, नाही तर ओटीपीसाठी आईला रात्री बाराला उठवावं लागेल. पॅन आणि आधार जोडलेलं आहे का, रिटर्नच्या पोर्टलचा पासवर्ड कुणाकडे आहे, आणि खात्यांवर नॉमिनी कोण, हे त्याच फेरीत बघून घ्या. आमच्या शाखेत बुधवारी गर्दी कमी असते.